मलप्पुरमचे चार दिवस

कोकण रेल्वेने रत्नागिरीहून दक्षिणेला निघालेला माणूस बहुधा मडगावला उतरतो. यंदा मेच्या सुट्टीत मडगाव आले तरी आम्ही दोघे गाडीतच बसून राहिलो. संध्याकाळी रत्नागिरीला नेत्रावती एक्स्प्रेस धरली होती. सकाळी जाग आली तर खिडकीबाहेर तेच नारळ, त्याच सुपारीच्या बागा, तीच तांबडी माती आणि मधून मधून खाडीचे पाणी. गाडी रात्रभर जागच्या जागी उभी होती की काय, असे वाटावे. फरक एवढाच, की स्टेशनांच्या पाट्यांवरची मल्याळम अक्षरे लागत नव्हती. कण्णूर गेले, कोझिकोड गेले आणि तिरूरला आम्ही उतरलो.

तिरूर हे विड्याच्या पानांसाठी नावाजलेले गाव. मल्याळम भाषेचे जनक मानले जाणारे एळुत्तच्छन इथलेच. स्टेशनवर आम्हाला घ्यायला आलेले मास्तर सरकारी शाळेत उर्दू शिकवतात. उर्दू शिक्षकांच्या एका शिबिरात त्यांची आमची ओळख झाली होती. केरळात उर्दू कुठून आली, असे वाचक विचारतील. पण मलप्पुरम जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत हा विषय आहे आणि मुले आवडीने घेतात. मास्तरांची भाषा मल्याळम, आमची मराठी. चार दिवस मधला पूल उर्दूचा होता. त्यांची उर्दू इतकी पुस्तकी, की काळा चहा पुढे करतानाही ‘नोश फर्माइए’ म्हणत. आम्ही कोकणातले, आमची उर्दू पाण्यातून चालल्यासारखी. दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतले.

मलप्पुरम जिल्ह्यात शंभरातले सुमारे सत्तर लोक मुसलमान आहेत. करिपूरचा विमानतळ याच जिल्ह्यात आहे आणि आखाताकडे जाणाऱ्यांची तिथली गर्दी पाहून आपल्याकडच्या माणसाला परके वाटत नाही. फिक्ह शाफई, म्हणजे आपल्या कोकणी जमातींचीच. पोन्नानीच्या जुन्या जामा मशिदीत आम्ही जोहर अदा केली. जैनुद्दीन मखदूम यांच्या घराण्याचे ते गाव. त्यांचा ‘फतहुल मुईन’ हा ग्रंथ म्हणजे शाफई फिक्हमधले मोठे नाव. लाकडी छताखाली, गार फरशीवर थोडा वेळ बसून राहिलो. पण आम्ही गेलो होतो ते मशिदी पाहायला नव्हे. एक जीप पाहायला गेलो होतो.

ती कशासाठी, हे सांगायला आधी आमच्या गावाकडे यावे लागेल.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सगळा देश वाढत असताना आमचा जिल्हा घटला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. हा आकडा वर्गात सांगितला की मुली टाळ्या वाजवतात. त्याचा खरा अर्थ त्या मोठ्या झाल्यावर त्यांना कळेल. घरचे पुरुष मुंबईत किंवा दोहा-कुवेतला, घरात सासू आणि सून. मुले पाचवी-सहावीत गेली की सून त्यांच्या शिक्षणासाठी मुंब्र्याला नाहीतर पनवेलला बिऱ्हाड करते. मग चौदा खणांच्या घरात सासू एकटी.

आमच्या शेजारच्या चाचींचे असेच आहे. वय ऐंशीच्या पुढे, तीन मुले, तिन्ही आखातात आणि तिन्ही चांगली. पैसे वेळेवर येतात. घरात फ्रीज आहे, इन्व्हर्टर आहे आणि दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात कॅमेरे आहेत, त्यात मुले तिकडून आईला पाहतात. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे आमचा फोन वाजला. कुवेतहून थोरला बोलत होता. ‘मास्तर, अम्माची फजर चुकत नाही. आज किचनचा दिवा लागला नाही. जरा बघता का?’ आम्ही मागच्या दाराने गेलो. चाची न्हाणीघरात पडलेल्या होत्या. इशाच्या वजूला गेल्या, तेव्हापासून तिथेच. न्हाणीघरात कॅमेरा नव्हता, आणि तो कुणी बसवणारही नाही.

खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, खर्च मुलांनी केला. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. चाची अंथरुणाला खिळल्या, पाठीला जखमा झाल्या. त्या रोज कोणी धुवायच्या? तालुक्याच्या गावाहून नर्स यायला तयार नव्हती. चाचींना रिक्षातून न्यायचे तर चौघांनी उचलावे लागे. तिन्ही मुलांच्या पगारातून आठवड्याला तीनदा दारात येणारे एक माणूस विकत मिळेना, कारण ते विकायलाच नव्हते. जवळ पैसा असलेल्या घराची ही कथा. त्याच मोहल्ल्याच्या टोकाला दुसऱ्या एक बेवा राहतात. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

मलप्पुरमच्या त्या जीपविषयी कुणीतरी आम्हाला सांगितले होते, ते या चाचींच्या दुखण्याच्या काळातच.

सकाळी नऊ वाजता बाजारातल्या एका दोन खोल्यांच्या दवाखान्यासमोर जीप उभी होती. आत नर्सबाई, चालक, एक निवृत्त बस कंडक्टर आणि एक गृहिणी. शेवटचे दोघे स्वयंसेवक, आठवड्यातला एक दिवस देणारे. नर्सबाईंच्या पिशवीत लघवीच्या नळ्या, मलमपट्टीचे सामान, बीपी-साखर तपासायची यंत्रे, थोडी औषधे. त्या दिवशी यादीत दहा घरे होती. दुपारपर्यंत सहा घरे आम्ही पाहिली.

पहिल्या घरी पक्षाघाताने एक बाजू गेलेले वडील. नर्सबाईंनी नळी बदलली. तोवर कंडक्टरसाहेबांनी त्यांच्या पायांची नखे कापली आणि कुठल्याशा फुटबॉलच्या सामन्यावरून वाद घातला. वडिलांना बोलता येत नव्हते, तरी ते हाताच्या खुणांनी वाद घालत होते. दुसरे घर एका हिंदू जोडप्याचे. नवरा अंथरुणावर, बायको स्वतः सत्तरीची. तिथे नर्सबाई रोग्यापेक्षा बायकोशीच जास्त वेळ बोलल्या. तिला झोप लागते का, ती जेवते का. चौथ्या घरी एका सुनेला त्यांनी शिकवले, की सासूला दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवायचे, चादर ओढायची नाही, ती धरून उचलायची. सून तीनदा चुकली, चौथ्यांदा जमले. सासू हसत होती. आम्ही त्या खोलीत उभे होतो आणि डोळ्यांपुढे चाचींची पाठ होती.

त्या सहा घरांत फी कुणी विचारली नाही आणि कुणी मागितली नाही.

मग पैसा येतो कुठून? आमची मास्तरकीची सवय, आम्ही हिशेबाची वही पाहायला मागितली. त्यांनी लगेच पुढे केली. वही मल्याळममध्ये, पण आकडे वाचता येत होते. दहा, वीस, पन्नास, वीस, शंभर. पानेच्या पाने अशी. बाजारातल्या दुकानांत ठेवलेल्या पेट्या, मासळीवाल्यांची वर्गणी, शाळेच्या मुलांनी जमवलेली चिल्लर, घरटी महिन्याची ठरलेली छोटी रक्कम. मधूनच आखातातून आलेला एखादा मोठा आकडा. मोठा देणगीदार चालतो ना, असे विचारले तर चिटणीस म्हणाले, चालतो, पण त्याच्यावर विसंबून चालत नाही. त्याची नोकरी गेली की नर्सचा पगार थांबेल. दोनशे दुकानदारांची नोकरी एकदम जात नाही.

या कामाची सुरुवात १९९३ ची, कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजातली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. बरे न होणाऱ्या रोग्याच्या वेदना तरी कमी कराव्यात, हा हेतू. आधी सगळे कॅन्सरचे रोगी. मग लक्षात आले की असा रोगी इस्पितळात थोडे दिवस असतो, बाकीचे आयुष्य घरच्या खाटेवर काढतो. तेव्हा सेवेनेच घरी गेले पाहिजे. शतक बदलता बदलता मलप्पुरममध्ये गावोगावी लोकांनी आपापली केंद्रे उभारली, त्यांना ‘नेबरहूड नेटवर्क’ हे नाव पडले. कॅन्सरबरोबर पक्षाघाताचे, मणक्याचे आणि नुसत्या म्हातारपणाने अंथरुणाला लागलेले रोगीही यादीत आले.

इथवर ही धर्मादायाची गोष्ट आहे. असे काम आपल्याकडेही चार भली माणसे सुरू करतात आणि ती थकली की ते थांबते. केरळात पुढे जे झाले ते आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते देशातले पहिले राज्य. त्यानंतर ग्रामपंचायतींनी आपल्या योजनेच्या निधीतून या कामासाठी तरतूद करायची, नर्स नेमायची, आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन घरोघर जायचे, अशी रीत पडली. आता त्या गावात दोन गाड्या फिरतात, एक पंचायतीची आणि एक लोकांची. पंचायतीची नर्स ज्या घरी महिन्यातून एकदा जाते, तिथे लोकांची जीप मधल्या आठवड्यात जाते. दोघांची यादी एकच. शिवाय शहरांत ‘वयोमित्रम’ नावाची सरकारी योजना ६५ वर्षांवरील लोकांना वस्तीत येऊन तपासते आणि फुकट औषधे देते. वृद्धांचे पेन्शन २०२१ मध्ये १६०० रुपये झाले, आणि ज्यांना बँकेत जाता येत नाही त्यांच्या घरी सहकारी संस्थेचा माणूस ते रोख आणून देतो.

सगळे गोड गोड लिहायचे नाही. स्वयंसेवकांत तरुण कमी दिसले. कंडक्टरसाहेब स्वतः अडुसष्टचे. खाटेजवळ रात्र काढणारी सगळीकडे बाईच, सून किंवा मुलगी. जीप गेल्यावर उरलेले तेवीस तास तिचेच. एका बंगल्यात एक उम्मा भेटल्या. त्यांना दुखणे असे काही नव्हते, मुले शारजात, आणि नर्सबाईंनी उठू नये म्हणून त्या एकामागून एक नवी तक्रार काढत होत्या. त्यावर जीपमध्ये औषध नव्हते. मात्र स्वयंसेवक बाई त्यांच्याजवळ मागे थांबल्या आणि पुढच्या घरी चालत आल्या.

परतायच्या आदल्या दिवशी मास्तर कोट्टक्कलला घेऊन गेले. तिथली आर्य वैद्यशाळा १९०२ ची. गुडघे घेऊन लांबून लांबून लोक येतात. पी. एस. वारियर यांनी मृत्युपत्र करून ती घरच्यांच्या नावे न ठेवता न्यासाच्या हवाली केली. तिच्या उत्पन्नावर गरिबांचे धर्मादाय रुग्णालय चालते. आम्ही मास्तरांना म्हटले, हा तर वक्फच झाला. ते म्हणाले, नाव काहीही द्या, उत्पन्न कुठे जाते ते बघा.

आता आपल्याकडचे. मोहल्ल्याच्या टोकाच्या त्या बेवा खाला. श्रावणबाळ योजनेतून त्यांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत १००० होते. अट अशी, की वय ६५ च्या वर आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला १७५० पेक्षा ज्याचे जास्त येते तो सरकारच्या लेखी निराधार नाही. केंद्र सरकार आपल्या वृद्ध पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाच्या माणसामागे महिन्याला २०० रुपये देते आणि ८० च्या पुढे ५००. दोनशे रुपयांत आज गावात एक वेळची रिक्षा होत नाही. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला खालांना जावे लागते. भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र अंगठा घेत नाही. समोर बसलेल्या माणसाला त्या जिवंत असल्याचे दिसत असते, पण यंत्राने म्हटले पाहिजे.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात तरतूद आहे, की राज्य सरकार दर जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचे एक निवासस्थान उभारू शकेल. ‘उभारील’ नव्हे, ‘उभारू शकेल’. व्याकरण शिकवणाऱ्याला हा फरक लगेच दिसतो. त्याच कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते, महिन्याला दहा हजारांपर्यंत. चाचींना पोटगी नको आहे, मुले त्याहून जास्त पाठवतात. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत इलाज मिळतो. चांगलीच गोष्ट आहे. पण तो इस्पितळात भरती झालेल्याचा. घरी आल्यावर पाठ कोणी धुवायची, याला त्या कार्डात रकाना नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की घरी जाणाऱ्या नर्सचा पगार हा सरकारी खर्च झाला पाहिजे, रस्त्याचा आणि नळाचा असतो तसा. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखतात. तसाच वाटा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी राखायला काय हरकत आहे? ग्रामसभेत हे कुणी मागितलेले आम्ही अजून ऐकलेले नाही. तिथे बोलणे होते ते गटारांचे आणि दिव्यांचे.

सरकारकडे मागणे म्हणजे हात पसरणे, असे काही बुजुर्गांना वाटते. त्यांच्यासाठी इमाम अबू युसूफ यांच्या ‘किताबुल खराज’मधला प्रसंग सांगतो. हजरत उमर (रजि.) यांना एका दारात एक वृद्ध, आंधळा, बिगरमुस्लिम माणूस भीक मागताना दिसला. त्यांनी त्याला घरी नेऊन काही दिले, पण तिथेच थांबले नाहीत. बैतुलमालच्या अधिकाऱ्याला बोलावून सांगितले, की याची आणि याच्यासारख्यांची सोय लावा. तरुणपणी याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी याला टाकून द्यायचे, हा इन्साफ नव्हे. त्यांचा जिझिया माफ झाला आणि बैतुलमालमधून त्यांची सोय लागली. खिशातले दिलेच, पण कायमचे देणे खजिन्यावर ठेवले.

आणि आपले स्वतःचे देणे? रमजानमध्ये आमच्या छोट्याशा गावातही जकातीचा पैसा चांगला फिरतो. किराण्याच्या पिशव्या, कपडे, मदरशांच्या पावत्या. शव्वालचा चंद्र दिसला की वृद्धांची आठवण अकरा महिन्यांसाठी बंद. आम्ही आलिम नाही, पण जे विचारून घेतले ते असे. स्वतःच्या आईवडिलांना, आजीआजोबांना जकात देता येत नाही, त्यांचा खर्च आपल्यावर वाजिबच आहे. शेजारच्या गरीब बेवेला, दूरच्या मामूंना देता येते. जकात हकदाराच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून ती इमारतीत किंवा जीपमध्ये थेट घालण्यात अडचण आहे. पण जी खाला हकदार आहे तिच्या हातात दर महिन्याला जकातीची रक्कम द्यावी, आणि तिने तीतून तिची सेवा करणाऱ्या बाईचा पगार द्यावा, याला आमच्या मौलानांनी हरकत घेतली नाही. जीप, नर्स, औषधे यांचा सामाईक खर्च लिल्लाह आणि सदक्यातून. ज्यांची मुले कमावती आहेत, त्या चाचींसारख्यांनी आपला खर्च भरावा आणि भरताना वर थोडे जास्त टाकावे. वाचकांनी आपापल्या उलमांना विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

हिशेब आम्ही परतीच्या गाडीत कागदावर मांडला. एएनएमचा कोर्स केलेली आमच्याच गावची एक मुलगी रोज सकाळी साडेसहाच्या एसटीने शहरातल्या खासगी इस्पितळात जाते. तिला गावात तेवढाच पगार द्यायचा, रिक्षा महिन्याने ठरवायची, मलमपट्टीचे सामान, एक एअरबेड, व्हीलचेअर. आमच्या अंदाजाने महिन्याला तीस हजार. गावातली साधारण दोनशे घरे बाहेरच्या पगारावर चालतात. घरटी दीडशे रुपये पडतात. पाव किलो सुरमई त्यापेक्षा महाग आहे.

जमातीत हे मांडले, तेव्हा पहिला प्रश्न आला की वृद्धाश्रम काढायचा आहे का. ‘नाही’ म्हटल्यावर निम्म्या लोकांचे चेहरे खुलले. दुसरा प्रश्न आला तो इमारतीला नाव कुणाचे देणार, हा. इमारत नाही म्हटल्यावर उरलेल्या काहींचे पडले. फरशी, कमान, मिनार यांना देणगीदार मिळतो, कारण तिथे पाटी लागते. मलमपट्टीला पाटी लागत नाही. हे आम्ही चिडून लिहीत नाही. ज्यांनी मशिदीची फरशी दिली, त्यांच्यातल्याच एकाने दोहाहून पहिल्या सहा महिन्यांचा रिक्षाखर्च कबूल केला आहे.

पाटीचा प्रश्न मिटायच्या आत दुसरे काम सुरू झाले आहे. दोन शिक्षिका आणि बचत गटातल्या तिघी यांनी घरोघर जाऊन यादी केली. ती फक्त आमच्या मोहल्ल्याची नाही, खालच्या आळीची आणि बौद्धवाडीचीही आहे. अंथरुणाला खिळलेले सात, घराबाहेर पडता न येणारे अकरा, आणि तब्येत धडधाकट पण घरात एकटे असलेले चौतीस. शेवटच्या रकान्यातली नावे पाहून यादी करणाऱ्याही थोडा वेळ गप्प बसल्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ही यादी अर्जासोबत द्यायची आहे आणि एक मागणी मांडायची आहे. गावाच्या विकास आराखड्यात नर्सच्या अर्ध्या पगाराची तरतूद करा, उरलेला अर्धा आम्ही पेटीतून भरू. सरपंचबाईंच्या सासूबाई सातांच्या रकान्यात आहेत.

पेट्या सुताराकडे करायला टाकल्या आहेत, पहिल्या खेपेला बारा. किराणा दुकानदाराने विचारले, कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार. आम्ही म्हटले, दोन कुलपे, दोन किल्ल्या, एक जमातीकडे आणि एक ग्रामपंचायतीकडे.